गाडी घेण्याआधी: किती टिकेल आणि सांभाळायला किती लागेल, हे कसं ताडायचं?

तिसरा_गिअर (धागाकर्ता)

‘अमुक कंपनीची गाडी टिकते का?’ हा प्रश्न सारखा येतो आणि चर्चा कंपन्यांच्या चाहत्यांच्या भांडणात संपते. मुळात प्रश्नच अर्धवट आहे. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन इंजिनं आणि तितकेच गिअरबॉक्स मिळतात, आणि त्यांचं आयुष्य सारखं नसतं. टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन आणि मॅन्युअल गिअर असलेली गाडी, ऑइल वेळेवर बदललं तर दोन-अडीच लाख किलोमीटर मोठ्या कामाशिवाय जाऊ शकते. त्याच मॉडेलची छोट्या टर्बो इंजिनाची आणि ड्राय ड्युअल क्लचची (दोन कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गाडी लाखाच्या आतच क्लच पॅक मागू शकते. बाहेरून दोन्हींवर बिल्ला एकच.

म्हणून एखादी गाडी मनात भरली की आधी चार गोष्टी लिहून काढा: इंजिनाचा कोड, गिअरबॉक्सचा नेमका प्रकार, गाडी तयार झाल्याचा महिना आणि वर्ष (नोंदणीची तारीख वेगळी असू शकते), आणि तोवर ते मॉडेल बाजारात येऊन किती काळ झाला होता.

इंजिनाचा कोड ब्लॉकवर कोरलेला असतो. बऱ्याच गाड्यांत कागदपत्रांवर किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवरही सापडतो. इंटरनेटवर शोधताना मॉडेलच्या नावाऐवजी हा कोड टाका. एकच इंजिन पाच-सहा मॉडेलांत बसवलेलं असतं, त्यामुळे त्याचं दुखणं दुसऱ्याच कुठल्या गाडीच्या मालकांनी आधीच लिहून ठेवलेलं मिळतं. सुटे भाग मिळतील का, हेही इथेच कळतं. जे इंजिन लाखो गाड्यांत आहे त्याचा वॉटर पंप तीन-चार कंपन्या बनवतात. जे एकाच कमी खपाच्या मॉडेलमध्ये आहे त्याचा पंप फक्त मूळ कंपनीकडून येतो, आणि कंपनी सांगेल ती किंमत मोजावी लागते.

नव्या पिढीच्या मॉडेलचं पहिलं वर्ष शक्यतो टाळावं असं माझं मत आहे. पहिल्या वर्ष-दीड वर्षात मालकांकडून तक्रारी येतात आणि कंपनी गाजावाजा न करता भाग बदलत जाते. पार्ट कॅटलॉगमध्ये एखाद्या भागाचा नंबर पुन्हा पुन्हा बदललेला दिसला, म्हणजे जुन्या नंबरऐवजी नवा, त्याऐवजी आणखी नवा, तर समजावं की तो भाग सुरुवातीला फसला होता. चेन टेन्शनर (टायमिंग चेन ताणून धरणारा भाग), थर्मोस्टॅट हाउसिंग, पीसीव्ही व्हॉल्व (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारी झडप) आणि पिस्टन रिंग या चार गोष्टींचे नंबर जरूर बघा.

इंजिन, गिअरबॉक्स आणि खर्चाचा हिशेब यांवर जाणकारांनी लिहावं.

स्पॅनर

इंजिनाचा पहिला प्रश्न: टायमिंग (व्हॉल्व आणि पिस्टन यांचा मेळ) कशावर आहे? कोरडा बेल्ट, चेन की ऑइलमध्ये बुडालेला बेल्ट?

कोरडा बेल्ट बदलण्याचं अंतर इंजिनागणिक साधारण ६० हजार ते दीड लाख किमी असतं, आणि त्याला वर्षांची मर्यादाही असते. गाडी कमी चालली म्हणून दहा वर्षांचा बेल्ट चालवत राहू नये, रबर वयानेही चिरतं. बहुतेक आधुनिक इंजिनं इंटरफिअरन्स प्रकारची आहेत. बेल्ट तुटला की उघडे व्हॉल्व पिस्टनवर आपटतात, वाकतात, आणि हेड उतरवावं लागतं. काम करताना बेल्टबरोबर टेन्शनर आणि आयडलर बेअरिंग बदलायचेच. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. मजुरी एकदाच लागते, आणि जुना पंप मागाहून गळू लागला तर तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. विकणारा ‘बेल्ट बदललाय’ म्हणाला तर बिल मागा आणि त्यावर किट लिहिलंय की नुसता बेल्ट, ते वाचा. बिल नसेल तर बेल्ट जुनाच आहे असं धरून भाव करा.

चेन ‘आयुष्यभर टिकते’ हे ऑइल वेळेवर बदलणाऱ्यांपुरतं खरं. घाणेरड्या ऑइलने चेनच्या पिना झिजतात आणि तिची लांबी वाढते. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, तो ढिला पडला की थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. तेवढी खडखड पुरेशी आहे, पुढे बघायची गरज नाही. स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) पी००१६ किंवा पी००१७ दिसले तर क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) यांचा मेळ चुकलाय. एखादा सेन्सर किंवा व्हॉल्वची वेळ बदलणारा व्हीव्हीटी सॉलेनॉइडही कारण असू शकतो, पण खडखडही असेल तर चेनच. काही इंजिनांत चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असते. तिथे गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवल्याशिवाय काम होत नाही, त्यामुळे भाग स्वस्त आणि मजुरी भारी.

ऑइलमधला बेल्ट हा सगळ्यात सावधपणे बघण्याचा प्रकार. चुकीच्या ग्रेडचं ऑइल घातलं किंवा थोड्या अंतराच्या फेऱ्यांमुळे ऑइलमध्ये पेट्रोल मिसळत राहिलं की रबर फुगतं आणि त्याचे कण सुटतात. ते कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, दाब पडतो, आणि बेल्ट तुटण्याआधीच बेअरिंगं किंवा टर्बो जातो. काही इंजिनांवर ऑइल भरण्याच्या तोंडातून बेल्ट दिसतो. टॉर्च मारून बघा, कडा सुटलेल्या किंवा पाठीवर बारीक भेगा असतील तर ती गाडी सोडा. या इंजिनाला प्रत्येक ऑइल बदलाचं, ऑइलचं स्पेसिफिकेशन लिहिलेलं बिल नसेल तर मी घेऊ नका म्हणेन.

वंगण

स्पॅनरदादांशी सहमत, त्यात थोडी भर.

डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्वची पाठ पेट्रोलने धुतली जात नाही. पीसीव्हीतून येणारी ऑइलची वाफ तिथे बसते आणि कार्बनचा थर चढतो. लक्षणं अशी: थंड असताना आयडल थरथरतं, मिसिंग होतं, पिकअप मंदावतो. टाकीत ओतायच्या क्लीनरचा इथे उपयोग नाही, कारण तो त्या व्हॉल्वपर्यंत पोचतच नाही. इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीने ब्लास्टिंग करावं लागतं. ज्या इंजिनात पोर्ट आणि डायरेक्ट असे दोन्ही इंजेक्टर आहेत तिथे हा त्रास फारच कमी.

ऑइल खाण्याबद्दल: काही कंपन्या हजार किमीला अर्धा लिटर ऑइल जाणं सामान्य मानतात. वॉरंटीत दाद मागताना हा आकडा आडवा येतो, म्हणून मॅन्युअलमध्ये आधी वाचून ठेवावा. दहा हजार किमीच्या अंतरात या हिशेबाने पाच लिटर होतात, म्हणजे अनेक इंजिनांचं सगळं ऑइल. डिकीत ऑइलचा अर्धा डबा ठेवलेला दिसला तर का ठेवलाय, हे सरळ विचारा.

निळी_हॅचबॅक

सर्वेक्षणांवर किती विश्वास ठेवावा? एकाच गाडीला एका यादीत वरचा नंबर आणि दुसरीत तळाचा असतो.

वंगण

प्रत्येक यादी वेगळी गोष्ट मोजते, म्हणून तसं दिसतं. जे. डी. पॉवर या सर्वेक्षण कंपनीचा व्हीडीएस (टिकाऊपणाचं सर्वेक्षण) तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारतो आणि दर १०० गाड्यांमागे तक्रारी मोजतो. त्यात फोन जोडला जात नाही ही तक्रारही एक आणि गिअरबॉक्स गेला हीसुद्धा एकच. त्यांचाच आयक्यूएस (सुरुवातीच्या दर्जाचं सर्वेक्षण) पहिल्या ९० दिवसांचा असतो, टिकाऊपणासाठी त्याचा उपयोग नाही. जर्मनीतला टीयूव्हीचा अहवाल सक्तीच्या तपासणीत सापडलेल्या दोषांवर बनतो: दिवे, ब्रेक, सस्पेन्शन, गळती. तिथे मालक गाडी कशी ठेवतो आणि वर्षाला किती पळवतो याचा मोठा वाटा असतो, म्हणून त्यातला सरासरी किलोमीटरचा रकाना वाचल्याशिवाय क्रमांक वाचू नये. एडीएसी हा जर्मनीतला वाहनचालकांचा क्लब, ती रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या मोजते. तिथे सगळ्यात मोठं एकच कारण १२ व्होल्टची बॅटरी असतं, आणि तिच्यावरून इंजिनाबद्दल काहीच कळत नाही.

मग उपयोग कसा करायचा? एकूण क्रमांक सोडून द्या. उपविभाग बघा (इंजिन, गिअरबॉक्स, कूलिंग, इलेक्ट्रिकल) आणि एकाच मॉडेलची लागोपाठची वर्षं शेजारी ठेवा. एखाद्या वर्षी गिअरबॉक्सच्या तक्रारी अचानक घटल्या असतील तर तिथे भाग किंवा सॉफ्टवेअर बदललंय. त्या वर्षानंतरची गाडी शोधावी.

फोरमवरच्या तक्रारींना छेद नसतो. पन्नास जणांनी ‘माझा टर्बो गेला’ लिहिलं, पण गाड्या पाच हजार विकल्या की पाच लाख? त्यापेक्षा तक्रारींचा आकार बघा. तेच भाग, त्याच किलोमीटरच्या आसपास, तेच लक्षण असेल तर तो आराखड्यातला दोष. विखुरलेल्या तक्रारी असतील तर सोडून द्या. याहून भरवशाचे म्हणजे रिकॉल आणि कंपनीने वर्कशॉपांना पाठवलेले टेक्निकल सर्व्हिस बुलेटिन. कंपनीने दुरुस्तीची पद्धत लिहून पाठवली, याचा अर्थ तो बिघाड तिला ठाऊक आहे. चासी नंबरवरून (१७ अक्षरांचा, त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात) रिकॉलचं काम राहिलंय का, हे बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये कळतं.

गणिती

आता खर्च. ‘मेंटेनन्स कमी आहे’ या शब्दांना अर्थ नाही. हिशेब किलोमीटरच्या पट्ट्यावर मांडावा लागतो: गाडी आज किती चालली आहे, तुम्ही ती किती वर्षं ठेवणार, आणि त्या पट्ट्यात कोणती कामं येतात.

उदाहरण घेऊ. पेट्रोल, मॅन्युअल, ७० हजार किमी झालेली गाडी. वर्षाला १५ हजार, पाच वर्षं ठेवणार. म्हणजे पट्टा ७० हजार ते १ लाख ४५ हजार. यात काय पडतं?

टायर ४० ते ५० हजारांना एक संच, म्हणजे दोनदा धरा. ब्रेक पॅड दोनदा, आणि दुसऱ्या वेळी बहुधा डिस्कसकट. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. ते हवेतलं पाणी शोषतं, उकळबिंदू खाली येतो, आणि लांब उतारावर पेडल आत जातं. कूलंट एकदा. बॅटरी एकदा, कदाचित दोनदा. साधे प्लग असतील तर दोनदा, इरिडियमचे असतील तर एकदा. टायमिंग बेल्ट एकदा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकदा, कारण शहरातल्या वापरात हे एक ते दीड लाखांच्या दरम्यान येतंच. शॉकअप, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड एकदा. पाच वर्षांची नेहमीची सर्व्हिसिंग वेगळी.

आता ही यादी घेऊन दोन ठिकाणी दर विचारा: कंपनीचं सर्व्हिस सेंटर आणि बाहेरचं चांगलं गॅरेज. भागांचे दर कॅटलॉगमधून, मजुरी तासांवर. बेरजेला ७५ हजारांनी भागा. हा झाला दर किमी दुरुस्तीचा खर्च. त्यात इंधन मिळवा (लिटरचा दर भागिले खरा एव्हरेज, ब्रोशरमधला नको), विमा, कर, आणि घसारा: आज देणार ती किंमत वजा पाच वर्षांनी येईल ती, भागिले ७५ हजार. पाच वर्षांनी किती येईल हे ठरवायला आज त्याच मॉडेलची पाच वर्षं अधिक जुनी गाडी कितीला विकली जाते ते बघा.

असा हिशेब केला की एक गोष्ट नेहमी दिसते. नव्या गाडीत घसारा बाकी बहुतेक खर्चांना मागे टाकतो. जुन्या गाडीत घसारा आटतो आणि मोठी कामं खर्च ठरवतात. त्यामुळे १ लाख १० हजार चाललेली, पण बेल्ट, क्लच, शॉकअप बिलांसकट झालेली गाडी ही ७० हजार चाललेल्या आणि सगळी कामं तोंडावर आलेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते, तीही कमी किमतीत मिळून. ओडोमीटरच्या आकड्यावर सगळे भाव लावतात म्हणूनच हे घडतं.

टायरचा साइज जरूर बघा. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला १७-१८ इंची चाकं असतात, टायर महाग, बाजूची भिंत बुटकी, खड्ड्यात फुगा येण्याची भीती जास्त. विचित्र साइज असेल तर निवडीला एक-दोनच पर्याय उरतात.

स्पॅनर

गणितींचा हिशेब मॅन्युअलचा आहे. ऑटोमॅटिकमध्ये प्रकाराप्रमाणे चित्र बदलतं.

टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा प्रकार) सगळ्यात सोशिक. फक्त ऑइल बदलत राहायला हवं. ‘लाइफटाइम फिल’ (ऑइल कधीच बदलायचं नाही) या दोन शब्दांनी जितके गिअरबॉक्स मारलेत तितके खड्ड्यांनी मारले नसतील. गाडी कंपन्या लाइफटाइम म्हणतात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः तिच्या ऑटोमॅटिकसाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा ८ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते.

बेल्टच्या सीव्हीटीला (ठरावीक गिअरांऐवजी पुली आणि बेल्टवर चालणारा गिअरबॉक्स) त्याच गिअरबॉक्ससाठी सांगितलेलंच ऑइल लागतं. दुसरं घातलं तर बेल्ट आणि पुलीमधली पकड जाते, पृष्ठभाग ओरखडतो, आणि मग दुरुस्ती नसतेच, अख्खा युनिट बदलावा लागतो. चालवताना आरपीएम चढतोय पण वेग येत नाही, किंवा ४० ते ६० च्या वेगाला घूं असा चढता आवाज येतो, तर उतरा.

ड्राय ड्युअल क्लच रांगत्या गर्दीत तापतो. तपासायची पद्धत: वीस मिनिटं गर्दीत चालवून गरम करा, मग ब्रेक हलका सोडून गाडी रांगू द्या. पहिला-दुसरा बदलताना थरथर आली तर क्लच झिजलाय. वेट ड्युअल क्लच यापेक्षा बरा, पण त्याला साधारण ६० हजारांनी ऑइल-फिल्टर लागतो, त्याचं बिल मागा. एएमटी म्हणजे साधा गिअरबॉक्स आणि वर क्लच दाबणारा अॅक्च्युएटर. खर्च आटोक्यातला, फक्त चढावर अॅक्सिलेटरवर गाडी धरून ठेवणाऱ्याच्या हातात क्लच लवकर जातो.

आणि मॅन्युअल असली तरी ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारं दोन भागांचं चाक) आहे का ते विचारा. डिझेलमध्ये आणि टर्बो पेट्रोलमध्ये बहुधा असतं. इंजिन बंद करताना खड् असा धक्का आणि आवाज आला तर ते गेलंय. क्लचच्या खर्चाच्या दुप्पट-तिप्पट धरून चाला.

निळी_हॅचबॅक

रोज पाच-सहा किमीच्या दोन फेऱ्या आहेत, महिन्यातून एकदा लांबचा प्रवास. एव्हरेजसाठी डिझेल घ्यावं का?

वंगण

ताई/दादा, या वापराला डिझेल घेऊ नका. कारण डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर.

फिल्टरमध्ये काजळी साठते. ती जाळायला एक्झॉस्ट साधारण ६०० अंशांपर्यंत तापवावा लागतो. त्यासाठी ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्तीचं डिझेल उशिरा फवारतो आणि हे दहा-वीस मिनिटं सलग चालावं लागतं. पाच किमीत इंजिन पुरतं गरमही होत नाही. हे काजळी जाळणं, म्हणजे रिजनरेशन, अर्धवट तुटतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. दर वेळी न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल ‘मॅक्स’च्या वर चढलेलं दिसतं ते यामुळे. पातळ झालेलं ऑइल टर्बो आणि बेअरिंगं खातं. ईजीआर व्हॉल्व (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काजळीने अडकतो तो वेगळाच.

जुनी डिझेल बघत असाल तर चांगल्या स्कॅनरवर तीन आकडे वाचा: काजळीचा भार, शेवटच्या रिजनरेशननंतरचं अंतर, आणि राखेचं प्रमाण. राख ऑइलमधल्या रसायनांची असते, ती जळत नाही, साठतच जाते. म्हणूनच लो-सॅप्स (कमी राख करणारं) ऑइल लागतं. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर नळी आतून जवळजवळ स्वच्छ असते. काळीकुट्ट काजळी लागली तर फिल्टर फुटलाय किंवा पोखरून काढलाय.

ओडोमीटर

प्रत्यक्ष तपासणीबद्दल लिहितो. वेळ ठरवतानाच सांगा की इंजिन थंड हवं. पोचल्यावर बॉनेटवर आणि सायलेन्सरवर हात ठेवा. गरम असेल तर कुणीतरी आधी सुरू केलंय, आणि चेनची खडखड, थंड धूर, कच्चं आयडल या सगळ्या खुणा पुसल्या गेल्यात. दुसऱ्या दिवशी या.

सेल्फ मारण्याआधी कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा (थंड असतानाच). तेलाचा तवंग किंवा चॉकलेटी चिखल नको. दोन वेगळ्या रंगांचे कूलंट मिसळले असतील तर गाळ किंवा जेलीसारखा थर दिसतो, रेडिएटर आणि हीटर कोअर तुंबायला तेवढा पुरतो. ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर लोणी थंड हवामानात, छोट्या फेऱ्यांनीही येतं, तेवढ्यावरून हेड गॅस्केट गेलं म्हणू नये. शंका असेल तर सीओटू टेस्टचं निळं द्रव टाकीच्या तोंडावर धरून इंजिन चालवा. पिवळं पडलं तर जळलेला वायू कूलंटमध्ये येतोय.

सुरू केल्यावर धूर. निळा, फक्त सुरुवातीला आणि मग बंद: व्हॉल्व सील. निळा, अॅक्सिलेटर दिल्यावर: रिंग किंवा टर्बो. पांढरा, गरम झाल्यावरही गोडसर वासाचा: कूलंट. काळा: इंधन जास्त.

मग स्कॅनर. स्वस्तातला ब्लूटूथवालाही चालतो. कोड आहेत का, हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का. कोड कुणी नुकतेच पुसले असतील तर कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर, ईव्हॅप (इंधनाची वाफ अडवणारी यंत्रणा) हे ‘नॉट रेडी’ दिसतात. बऱ्याच गाड्यांत ‘कोड पुसल्यानंतरचं अंतर’ हा आकडाही मिळतो. तो २० किमी असेल तर विकणाऱ्याने सकाळीच काहीतरी झाकलंय. त्यानंतर फ्युएल ट्रिम (संगणक इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा): शॉर्ट आणि लाँग टर्मची बेरीज ±५ टक्क्यांत उत्तम, १० च्या वर सतत राहिली तर कुठेतरी हवा गळतेय, इंजेक्टर तुंबलाय किंवा पंप थकलाय. बॅटरी: इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५.

डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा चावी फिरवताच लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो दिवा कुणीतरी मुद्दाम मारलाय. यावर तडजोड करू नये, इथे माणसांचा जीव आहे.

तिसरा_गिअर

ओडोमीटर, रनिंग मागे फिरवलंय हे कसं ओळखायचं तेही लिहा.

ओडोमीटर

एका खुणेवर निकाल देऊ नका, चार-पाच जुळवा. टायरच्या भिंतीवर चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ३० हजार रनिंगच्या चार वर्षांच्या गाडीवर दुसरा संच कसा आला? ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगवर अंगठ्याची जागा, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. डिस्कला बोट लावा. कडेला ठसठशीत कंगोरा असेल तर ती बरीच झिजलीय. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, व्हर्नियर लावून मोजता येते. सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर किलोमीटर असतात, ते तारखेप्रमाणे मांडा. आणि अनेक गाड्यांत गिअरबॉक्स, एबीएस किंवा चावीतही किलोमीटर नोंदवलेले असतात. कंपनीच्या दर्जाच्या स्कॅनरने तो आकडा मीटरशी पडताळता येतो.

पेंटची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर प्रत्येक पत्र्यावर तीन ठिकाणी लावा. कंपनीचा रंग साधारण ९० ते १८० मायक्रॉन. एकाच दारावर ३०० च्या वर म्हणजे पुन्हा रंगवलंय. हजाराच्या आसपास म्हणजे खाली पुट्टी आहे. दार रंगवलेलं असणं फारसं गंभीर नाही. पुढचे चासीचे लांब खांब, स्ट्रट टॉवर आणि डिकीचा तळ इथे वेल्डिंग किंवा सुरकुती दिसली तर ती गाडी सरळ धावणार नाही, टायर कायम एका कडेने जातील.

पुरातली गाडी ओळखायला सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या भागावर गाळाची रेघ राहते. सीटखालच्या कनेक्टरच्या पिना हिरवट झाल्या असतील तर स्वच्छ धुतलेल्या कार्पेटवर विश्वास ठेवू नका.

चार्जर

हायब्रिड आणि इलेक्ट्रिकबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

प्लॅनेटरी गिअरच्या हायब्रिडला ‘ई-सीव्हीटी’ म्हणतात, पण त्यात वर स्पॅनरदादांनी सांगितलेला बेल्ट नसतो. क्लच नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही, बऱ्याच मॉडेलांत सेल्फ आणि अल्टरनेटरही नाही. त्यामुळे या गाड्या टॅक्सीतही लांब पल्ला गाठतात. सांभाळायची जागा दुसरी आहे: मागच्या सीटजवळच्या जाळीतून बॅटरीचा पंखा हवा ओढतो. ती जाळी केसांनी, धुळीने तुंबली की बॅटरी तापते आणि पेशी लवकर थकतात. जाळी काढून बघायला दोन मिनिटं लागतात. इन्व्हर्टरचं कूलंट इंजिनापेक्षा वेगळं असतं, तेही विचारा.

इलेक्ट्रिकमध्ये मोठा खर्च एकच, बॅटरी. अनेक कंपन्यांची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी, क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर, अशा धर्तीची असते. ती दुसऱ्या मालकाला मिळते का, आणि सर्व्हिस चुकली तर रद्द होते का, हे लेखी बघा. डॅशवरची रेंज मागच्या चालवण्यावर ठरते, तिच्यावरून तब्येत कळत नाही. स्कॅनरने एसओएच (बॅटरीची उरलेली क्षमता, टक्क्यांत) वाचा. त्याहून महत्त्वाचं, चार्ज २०-३० टक्क्यांवर असताना पेशींचे व्होल्टेज बघा. एखादीच पेशी इतरांपेक्षा स्पष्ट खाली असेल तर एसओएच चांगला दिसूनही पॅक लवकर काम काढेल. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरीचा मीटर चुकत जातो, तिला ठरावीक काळाने १०० टक्के चार्ज करावं लागतं, म्हणून आकडे वाचण्याआधी एकदा पूर्ण चार्ज करून घ्या.

टायर वजनामुळे लवकर जातात, गणितींच्या हिशेबात ४० ऐवजी ३० हजार धरा. ब्रेक पॅड मात्र उलट: रिजनमुळे (मोटरच गाडीचा वेग कमी करून बॅटरी चार्ज करते) वापरच कमी, म्हणून झिजण्याआधी डिस्क गंजते आणि कॅलिपरच्या पिना अडकतात. वर्षातून एकदा उघडून साफ करून ग्रीस लावावं.

गणिती

एक शंका. ही सगळी तपासणी करून गाडी चांगली निघाली, तरी हिशेबात अचानक खर्चासाठी किती धरावं?

स्पॅनर

त्या इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीचं सगळ्यात महाग, पण प्रत्यक्ष घडणारं एक काम निवडा: टर्बो, मेकॅट्रॉनिक (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चालवणारा भाग), इंजेक्टरचा संच, जे असेल ते. त्याचा भाग-मजुरीसकट पूर्ण दर काढा आणि तेवढी रक्कम गाडीच्या किमतीत मिळवून बजेट बघा. बसत नसेल तर त्याच पैशात एक पायरी साधं इंजिन घ्या.

आणि पैसे देण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघाच. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावरचं ऑइल, फाटलेले सीव्ही बूट (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरचं रबर), शॉकअपच्या दांड्यावरची ओल, स्टिअरिंग रॅकचे बूट. बूट पिळून बघा, आत ऑइल असेल तर रॅकचं सील गेलंय. इंजिन नुकतंच प्रेशरने धुतलं असेल तर अर्धा तास चालवून आणा आणि पुन्हा चढवा.